बंद जनरेटर आणि अख्खी पेठ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत डिझेल जनरेटर बंद पडला, की तो मालकाचा राहत नाही, पेठेचा होतो. विसर्जन मिरवणुकीत मिरजकर तिकटीच्या अलीकडे ट्रॉलीवरचे दिवे गेले, की ‘आरं, काय झालं?’ असं विचारणारे चार जण येतात आणि काय झालंय ते सांगणारे चाळीस.

‘नोझल गेलंय भावा, मी सांगतो.’

‘न्हाई ओ, फिल्टर चोकअप हाय.’

‘बॅटरी बसलीया!’ हे सांगणाऱ्याच्या मते जगातलं प्रत्येक यंत्र बॅटरीमुळंच बंद पडतं. गर्दीच्या कडेला उभे असलेले एक काका तेवढे म्हणतात, ‘आधी टाकीत डिझेल हाय का बघा की रं!’ त्यांच्याकडं कुणी लक्ष देत नाही. इतका साधा सल्ला ऐकणं जाणकारांना कमीपणाचं वाटतं.

हा सगळा आगाऊपणा आहे असं मात्र समजू नये. पलीकडच्या शिवाजी उद्यमनगरात घडलेली ऑईल इंजिनं एकेकाळी गावोगावच्या विहिरींवर धडधडत होती. त्यामुळं इथं कुणाचा चुलता फाउंड्रीत, कुणाचा मामा लेथवर. धूर बघून निदान करणारी माणसं इथं आजही सापडतात. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑईल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. वैद्यानं नाडी बघावी तसे हे सायलेन्सरकडं बघतात. पंचाईत इतकीच की बंद इंजिन धूर सोडत नाही, आणि मग तर्काला मोकळं रान मिळतं.

तसं या इंजिनाचं मागणं फार नाही. स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि दाब. पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी त्याला लागत नाही. दाबून तापवलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की तो आपोआप पेटतो. पण सिलिंडरमध्ये हवीहवीशी असलेली हीच हवा डिझेलच्या नळीत शिरली, की सगळं ठप्प. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंप जोर लावतो, तो जोर बुडबुडाच गिळून टाकतो आणि नोझल उघडतच नाही.

जनरेटरवाल्याला हे ठाऊक असतं. तो कुणाला उत्तर देत नाही. टाकीचं झाकण काढून आत बॅटरी मारतो, कॅन उपडा करतो, फिल्टरवरचा स्क्रू अर्धा आटा ढिला करतो आणि छोटा हातपंप मारू लागतो. आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग फेसातून अधूनमधून डिझेल, आणि शेवटी बुडबुड्याविना सलग धार. तेवढी दिसली, की स्क्रू आवळायचा. बोटं पँटला पुसायची. टाकी तळाला गेली होती, ट्रॉली गतिरोधकावर हिंदकळली आणि नळीनं हवा ओढली, एवढीच भानगड. काकांचं बरोबर होतं.

हाच प्रसंग भर समुद्रात, शिडाच्या होडीवर ओढवला तर? गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौदलाच्या ५६ फुटी होडीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अशी होडी वाऱ्यावर चालते; पण दिवे, रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणं बॅटरीवर, आणि सूर्य ढगात गेला की बॅटरी भरायला पुन्हा डिझेलच. तिथं गतिरोधक नसतात, लाटा असतात. त्या टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टरपर्यंत नेतात. होडी एका अंगावर कलली, की अर्ध्या टाकीतही नळीचं तोंड उघडं पडतं. थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची पाती तुटली, की इंजिन तापतं. म्हणून फिल्टर, पट्टे आणि असली चक्रं जादा घेऊनच निघावं लागतं. काका मात्र सुट्या भागांच्या पेटीत मावत नाहीत.

तिथं नोझलवाला, फिल्टरवाला, बॅटरीवाला आणि काका, सगळं आपणच व्हायचं. तेही एकामागून एक, आधी सोपं, मग अवघड. पेठेत चाळीस जण एकदम बोलतात तेव्हा निम्म्या शक्यता आपोआप तपासून होतात, हे एकटं पडल्यावर कळतं. चुकीचा सल्लासुद्धा एक दार बंद करून जातो.

जनरेटर सुरू झाला, की पेठेत ‘मी म्हणलो नव्हतो का?’ असं सगळेच म्हणतात, बॅटरीवालाही. समुद्रात सगळं श्रेय एकट्याचं. पण ते मिरवायचं कुणापुढं?