हाडांची ओपीडी

प्राणी मेल्यावर मांस, कातडी, फुप्फुस, पोट सगळे जाते. राहिलेच तर हाड राहते. म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांची तपासणी हाडांवरच भागवावी लागते. ताप, खोकला, अजीर्ण यांची नोंद सहसा हाडात होत नाही. मोडून जुळलेले हाड, झिजलेला सांधा, पू झालेला जबडा, रक्ताविना मेलेला हाडाचा तुकडा एवढे मात्र दगड झाल्यावरही ओळखू येते. या विषयावर डहाणूतले मास्तर, तांडेल आणि चिकूचे बागायतदार बोलू लागले की संवाद साधारण असा होतो.

बागायतदार : तलासरीच्या डोंगरात खणलं तर मिळेल का एखादं असं जनावर?

मास्तर : नाही. तो काळा दगड लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मोसासॉर म्हणजे घोरपडीचे समुद्रातले भाऊबंद. ते संपले तेही त्याच सुमारास. पण त्यांची हाडं टिकली ती समुद्रतळाच्या गाळात.

तांडेल : गाळ आमच्या खाडीत हवा तेवढा आहे.

मास्तर : तो कालचा, तांडेल. जुना हवा तर कच्छात जा. तिथे लोडाईला इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा मिळाला, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. लांबी पाच-साडेपाच मीटर, वय सुमारे १५ कोटी वर्षं. दात झिजलेले, म्हणजे खाणं टणक.

तांडेल : तिसऱ्या शिंपल्यासकट चावत असणार.

बागायतदार : दातांचं राहू द्या. सांधेदुखीचं काय ते सांगा.

मास्तर : त्यासाठी इंग्लंडात जावं लागेल. वेस्टबरीला प्लायोसॉर नावाचा असाच एक सागरी प्राणी सापडला, आता ब्रिस्टलच्या संग्रहालयात आहे. आठ मीटर लांब, बहुधा म्हातारी मादी. जबड्याचा डावा सांधा संधिवातानं खाल्लेला. त्यामुळे खालचा जबडा एका बाजूला सरकला आणि वरचे दात त्याच्या हाडातच रुतू लागले. त्याचे खड्डे आजही दिसतात.

बागायतदार : अरेरे! उपाशीच मेली असेल.

मास्तर : तेच तर. असे खड्डे एका दिवसात पडत नाहीत. वाकड्या तोंडानं ती बराच काळ शिकार करत राहिली. शेवटी तो कमजोर जबडा मोडला, आणि मोडलेलं हाड जुळल्याची खूण नाही. हाडाच्या डॉक्टरकीतला हा पहिला नियम : भरून येण्याची खूण असेल तर दुखण्यानंतरही प्राणी जगला, नसेल तर त्यातच गेला, किंवा मार मेल्यावरचा.

बागायतदार : एवढं दुखणं घेऊन शिकार! आणि इथे एक जिना चढवत नाही.

तांडेल : जिना चढवला नाही म्हणून शेठ कधी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही.

मास्तर : पुढचं ऐका. अमेरिकेत ब्रूस रॉथशिल्ड आणि लॅरी मार्टिन यांनी मोसासॉरचे मणके तपासले. १९८७ मध्ये निष्कर्ष छापला. त्यातले रॉथशिल्ड मूळचे सांधेदुखीचे डॉक्टर.

बागायतदार : बसतात कुठे?

मास्तर : लांब. त्यांना मणक्यांत मेलेलं हाड दिसलं. रक्त पोचलं नाही की हाड आतून मरतं आणि खचतं.

बागायतदार : म्हणजे वरून चिकू पक्का, आत नासका.

मास्तर : बरोबर. कारण त्यांनी असं लावलं : खोल पाण्याच्या दाबानं नायट्रोजन रक्तात विरघळतो. प्राणी झपाट्यानं वर आला तर त्याचे बुडबुडे होतात आणि हाडाकडे जाणारं रक्त अडवतात. पाणबुड्या माणसांनाही हा त्रास होतो.

तांडेल : पण हाड असं मरायला पाण्यातच उतरावं लागतं असं नाही. पाड्यावर सिकलसेलवाल्यांचा खुबा जातो, तो?

मास्तर : आजार तोच, कारण वेगळं. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मरतो. स्टिरॉइडनं होतं, अती दारूनंही होतं.

तांडेल : मग मोसासॉर ताडी पीत नव्हता कशावरून?

मास्तर : प्रश्न रास्त आहे. हाड एवढंच सांगतं की रक्त थांबलं. का थांबलं ते राहणीवरून काढावं लागतं. मोसासॉरमधले प्लाटेकार्पस आणि टायलोसॉरस खोल बुडणारे मानले जातात. त्यांच्यात हा आजार सापडला. क्लिडास्टेस उथळ पाण्यातला. त्याच्यात सापडला नाही. ताडी असं खोली बघून धरत नाही.

तांडेल : तरी पटत नाही. दर्यात जन्मलेल्याला दर्याचंच दुखणं?

मास्तर : तज्ज्ञांनाही पटत नव्हतं. पण २००४ मध्ये स्पर्म व्हेलच्या हाडांत तशाच खुणा असल्याचं प्रसिद्ध झालं. आणि २०१४ मध्ये स्पेनच्या वेलेन्सियाकडची गोष्ट आली : मासेमारीच्या जाळ्यांतून वर आलेल्या समुद्री कासवांच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे होते. दाबाच्या टाकीत ठेवून उपचारही केले.

तांडेल : म्हणजे जाळ्यातून आलेलं कासव पाय हलवतंय म्हणून लगेच सोडलं, तर नंतर दगावू शकतं?

मास्तर : शकतं. सुस्त वाटलं, नीट बुडत नसलं तर वनविभागाला कळवा. डहाणूतच कासवांचं उपचार केंद्र आहे.

तांडेल : आणि जाळं कापावं लागलं तर? जाळं काय फुकट येतं?

मास्तर : डिसेंबर २०१८ पासून राज्यात योजना आहे. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. फोटो मात्र काढून ठेवावा लागतो.

बागायतदार : गुडघ्याचा फोटो चालेल का?

मास्तर : योजना फक्त संरक्षित सागरी प्राण्यांसाठी आहे, शेठ.