डेसिबलअण्णा

आमच्या सोसायटीतल्या अण्णांच्या गाडीत बसायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागतात. किल्ल्या, सुटी नाणी, गोळ्यांची डबी, सगळं टॉवेलात गुंडाळून डिकीत. काकूंच्या बांगड्यांना तेवढी सूट आहे, आणि तीही बऱ्याच वाटाघाटींनंतर मिळालेली.

किवळ्याला गाडी द्रुतगती मार्गावर चढली की गप्पा बंद. डांबरी रस्त्यावर बोलावं, काँक्रीटवर ऐकावं, हा अण्णांचा दंडक. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने मोबाइलमधलं डेसिबल मीटर समोर धरून आकडा पुकारायचा.

"एकाहत्तर!" मी पुकारतो.

"हळू हो! त्यातले पाच तुमचेच."

२००२ साली हा रस्ता पूर्ण खुला झाला तेव्हा लोक सहा पदरांचं कौतुक करत होते. अण्णांना तेव्हापासून फक्त टायरची घरघर ऐकू येते. घसरू नये आणि पाणी निघून जावं म्हणून काँक्रीटवर मुद्दाम रेघा ओढतात. टायर त्यांवरून गुणगुणत जातो. शिवाय साधारण ४.५ मीटरवर एकेक सांधा. "म्हणजे ऐंशीच्या स्पीडला सेकंदाला पाच ठोके," अण्णा सांगतात, "माझ्या हृदयाचे सुद्धा एवढे पडत नाहीत." काँक्रीटचा रस्ता तीस वर्षं टिकतो, असं कोणी कौतुकाने म्हटलं की ते कपाळाला हात लावतात.

बँकेतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी उपाय हाती घेतला. नाना पेठेतून ब्यूटिल रबराच्या चकचकीत पाठीच्या शिटा आल्या. पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून त्यांनी दाराचं आतलं पॅड उचकटलं. तीन क्लिपा तुटल्या, चौथी उडून कुठे गेली ती अजून सापडलेली नाही. मग मला बोलावून उघड्या पत्र्यावर टिचकी मारली. टण्ण! शीट चिकटवली, काकूंच्या पोळपाटाजवळून आणलेलं लाटणं तिच्यावरून दाबून फिरवलं आणि पुन्हा टिचकी मारली. थप्. "ऐकलंत?" अण्णांचे डोळे भरून आले होते. काकूंचेही, पण ते लाटण्याकडे बघून.

पत्र्याचा पाव भाग झाकला तरी त्याची थरथर बरीचशी बसते, हे दुकानदाराने सांगितलं होतं. पण पाव भागावर थांबणारा माणूस पार्किंगमध्ये सतरंजी अंथरत नाही. चारही दारं, डिकी, सीटखालची जमीन, सगळीकडे शिटा लागल्या. मग दारांची रबरी बीडिंग तपासली: फटीत दहाची नोट धरून दार लावायचं आणि ओढायची. नोट सहज सुटली तर बीडिंग गेली, अडकली तर ठीक. अण्णांच्या दारात नोट अशी अडकली की अर्धीच हाती आली. अण्णा खूश!

सगळं झाल्यावर मीटरने अडुसष्ट दाखवले. "फक्त तीन?" काकू म्हणाल्या. तीन डेसिबल म्हणजे आवाजाची निम्मी ऊर्जा गेली, हे अण्णांनी खोपोलीपर्यंत समजावलं. कानाला आवाज निम्मा वाटायला मात्र दहा डेसिबल उतरावे लागतात, हे त्यांनी परतीच्या वाटेवर, तेही पुटपुटत सांगितलं.

खरी गंमत पुढे झाली. घरघर उतरली आणि तिच्याखाली दबलेले आवाज वर आले. डॅशबोर्ड करकरतो, मागच्या पट्ट्याचं बक्कल टिकटिकतं, आणि तळेगावच्या पुढे एक "चिक्" येतो. तो "चिक्" शोधायला अण्णांनी मला मागच्या सीटवर आडवं करून नेलं होतं. टायर झिजून खडबडीत झालेत, ते बदला, बाकी काही नको, असं गॅरेजवाला पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण टायर बदलले की एका दुपारीत काम खलास. मग अण्णांनी उरलेल्या दुपारी काय करायचं?

तरी मुलाने आग्रहाने इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. इंजिनच नाही म्हटल्यावर आता अण्णा निवांत होतील, असं सगळ्यांना वाटलं. पहिल्या फेरीहून ते लालबुंद होऊन आले. टायर, वारा, सांधा, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "इंजिन होतं तेव्हा बरं होतं हो," ते म्हणाले, "जरा झाकून तरी घ्यायचं!"

दुसऱ्या दिवशी काकू लाटणं माहेरी ठेवून आल्या.