पंचेचाळीस अधिक दहा

पवनचक्कीच्या घरघरीनं झोप लागत नाही, अशी कुरकुर हल्ली माळावरच्या वस्त्यांवर वाढली आहे. ही माणसं कायदा वाचत नाहीत. उशाला घेतला असता तर दुसऱ्या पानावरच डोळा लागला असता.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० म्हणतात, निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा. केवढी ही माया! मात्र तक्रार करायची तर तो मर्यादेपेक्षा दहा डेसिबलनं तरी वर गेलेला असावा. म्हणजे ४६ला नियम मोडतो आणि तुम्ही तोंड उघडायचं ५५ला. मधली जागा जनतेच्या सोशिकपणासाठी राखीव. दहा डेसिबलनं आवाज कानाला जवळपास दुप्पट वाटतो म्हणे, पण ती कानाची खोड. तिला सरकार काय करणार?

बरं, पंचावन्न झाले हे वस्तीवरच्या आबांना कळावं कसं? त्यांच्या कानाला काटा नाही. मोजायला साहेब आलेच तर भरदुपारी. आबांचं रडगाणं रात्रीचं: खाली झाडाचं पान हलत नाही, वर वारा सुसाट आणि पात्यांचं सूंऽऽ सूंऽऽ थेट अंथरुणात. मिनिटाला पंधरा फेरे धरले तर तीन पात्यांचे पंचेचाळीस सुस्कारे. हाही आकडा पंचेचाळीसच, मग आबांची हरकत कशाला? शिवाय यंत्र सरासरी सांगतं आणि सरासरीत सुस्कारा विरघळतो.

केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत चक्की घरापासून ५०० मीटर लांब ठेवायला सांगितलंय. चाळकेवाडीच्या पठारावरची जुनी बुटकी चक्की असो की आजची दीडशे मीटरची, अंतर तेच. समतेचं तत्त्व म्हणतात ते हेच. बव्हेरियानं २०१४मध्ये उंचीच्या दहापट अंतर मागितलं आणि तिथं नव्या चक्क्या उभ्या राहणंच जवळपास थांबलं. तिकडे घरं जिंकली, इकडे पाती जिंकतात. मधलं अंतर मोजायला टेप कुणाकडेच नाही.

त्याच २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पवनऊर्जेला उद्योगांच्या 'पांढऱ्या' गटात बसवलं: संमतीची गरज नाही, कळवलं की झालं. आबांनीही तेच करावं. झोपत नाही, एवढं कळवावं.

फारच असह्य झालं तर सणासुदीला चक्कीखाली डीजे लावावा. वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाची सूट राज्य सरकार देऊ शकतं. तेवढ्या रात्री बारापर्यंत तरी चक्की ऐकू येणार नाही.