फक्त माउंटिंग राहिलंय

कोल्हापुरात एखाद्या बोळात विटांवर चढवलेली जीप दिसली आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असले, तर गाडी कधी होणार असं त्या पायांना विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं. "झालीच की ओ. फक्त माउंटिंग राहिलंय."

हा माणूस पतसंस्थेत कॅशियर असतो, शाळेत गणित शिकवतो, नाहीतर साखर कारखान्यात कारकून असतो. ओळखायची खूण शर्टावर. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली मोहरीएवढी भोकं त्याच्या लग्नाकार्यातल्या शर्टालाही असतात. खिशात पेनाऐवजी पत्र्यावर खुणा करायचा खडू. हातात डिस्क ग्राइंडर असला की चष्मा कपाळावर आणि कामावर बसला की डोळ्यांवर, म्हणजे नेमका उलटा. कार्यालयाबाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागल्या की नवरा-नवरीच्या आधी तो गाड्यांच्या पोटाखाली वाकून येतो.

बाकी सगळं विकत मिळतं, हे त्याचं खरं दुःख आहे. मोठे टायर मिळतात, पाटे मिळतात, शॉकअप मिळतात. पण एमएम ५४० जीपच्या चासीवर क्वालिसचं इंजिन बसवायचं ब्रॅकेट कुठल्याच काउंटरवर तयार मिळत नाही. ते घडवावं लागतं. आणि घडवण्यासाठी उद्यमनगरासारखी जागा नाही. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिराच्या गावात आपण आयतं ब्रॅकेट लावलं तर लोक काय म्हणतील, अशी त्याला भीतीही असते.

मूळचं इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. चांगलं चालत होतं. मग काढलं कशाला? "चढाला ओढत नव्हतं." कुठल्या चढाला, हे विचारायचं नाही, कारण गाडी तोवर गावातल्या दुधाळीच्या पुढं गेलेली नसते. आता तिथं क्वालिसचं २४४६ सीसीचं इंजिन चेन ब्लॉकला लोंबकळत असतं. पुढं सरकवलं की पंखा रेडिएटरला लागतो, मागं ढकललं की गिअरचा दांडा दोन सीटच्या मागं निघतो, वर घेतलं की बॉनेट बसत नाही आणि खाली सोडलं की चेंबर पुढच्या हाउसिंगवर टेकतो. उभी गाडी असताना टेकत नाही म्हणून भागत नाही. खड्ड्यात पाटे पूर्ण दबले की हाउसिंग वर येतं आणि चेंबरला धडक देतं. म्हणून तो जॅक लावून एक चाक वर घेतो, दुसरं सोडतो, मधल्या फटीत बोट घालतो आणि शेजारच्या मुलाला म्हणतो, "जरा वर चढून नाच रे."

जागा ठरली की साचा. साच्याला लग्नपत्रिकेसारखा कागद नाही. उंची, जाड पत्रिका आली की इंजिनाचं माउंटिंग, साधी आली की बॅटरीचा ट्रे. मे महिन्यात त्याचं काम जोरात चालतं ते यामुळं. "अहो, ताईंच्या मुलाचं लग्न कधी आहे?" अशी घरातून विचारणा झाली की तो टॉर्च घेऊन जीपखाली जातो, कारण मुहूर्त उजव्या बाजूच्या ब्रॅकेटवर गेलेला असतो आणि कार्यालयाचा पत्ता गिअरबॉक्सखालच्या.

मिसळ खाताना तुमच्या शेजारी हा बसला, तर कट थंड होणार. "चासी पिळते बघा. खडकावर एक चाक चढलं की शिडी पिळावी तशी. इंजिन काही पिळत नाही. चार कोपऱ्यांत आवळून टाकलं तर गिअरबॉक्सचा कान तुटणार. म्हणून तीन ठिकाणी धरायचं, आणि मधे रबर." हे खरं आहे, आणि इतक्या सोप्या शब्दांत मला ते दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. पुढं मात्र रबर किती कडक हवं यावर तो अर्धा तास घेतो आणि शेवटी पावाचा तुकडा दाबून दाखवतो.

पण त्याची कीर्ती पाट्यांवर आहे. या जिपांत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते वर घ्यायचे. गाडी चारपाच इंचांनी उचलली जाते, खालून दगड जातात, आणि गल्लीतली पोरं जमतात. एवढ्यावर थांबला तर तो आपला माणूस नव्हे. गाडी उचलली म्हणून प्रोपेलर शाफ्ट तिरका झाला. तिरका झाला म्हणून ती घरघरू लागली. आता पिनियनचा कोन बदलायचा, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या बैठका कापून नव्यानं लावायच्या. बैठका फिरल्या, तर ब्रेकचा होज आखूड पडला. होज लांबवला, तोवर स्टिअरिंगचा दांडा उतरता झाला आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी आपणहून डावीकडं बघू लागली. एका कामातून दुसरं निघालं की माणसं वैतागतात. याच्या चेहऱ्यावर तेज येतं.

पिनियनच्या कोनाबद्दल तर तो झोपेतही बोलत असावा. शाफ्टचा क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक निस्तरतो, पण दोन्हीकडचा कोन सारखा असला तरच. त्याच्या मोबाइलमध्ये यासाठी कोन मोजायचं अ‍ॅप आहे. ते त्यानं देवघराच्या फळीलाही लावून बघितलंय. दीड डिग्री उतार आहे म्हणे.

या सगळ्याचा भार त्याच्या वेल्डिंगवाल्या मेस्त्रींवर. मेस्त्री गुण्या, ओळंबा आणि एक मिटलेला डोळा एवढ्यावर शेतीची अवजारं, शाळेचं गेट आणि मंदिराच्या कळसाचा सांगाडा करत आलेले. त्यांना हा सांगतो, "मेस्त्री, इथं अर्धा डिग्री वर पाहिजे."

"मालक, अर्धा डिग्री म्हंजे किती सुतं?"

मग दोघं मिळून एका जागी खूण करतात, जी मेस्त्रींनी आधीच केलेली असते.

"आता टॅकच मारा. पूर्ण नका मारू."

हा त्याचा मंत्र. शास्त्र त्याच्या बाजूनं आहे, कारण आधी टॅक मारून सगळं जुळवून बघायचं आणि मग पूर्ण वेल्डिंग करायचं, हीच पद्धत. एकदम शिवण मारली की तापून पत्रा ओढला जातो आणि भोकं जुळत नाहीत. फक्त बाकीचे लोक टॅकनंतर पुढं जातात. याची अख्खी जीप टॅकवर उभी असते. उद्या इंजिन तीन मिलिमीटर डावीकडं घ्यावंसं वाटलं तर?

कायदा त्याला ठाऊक आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेली मूळ रचना मालकानं बदलायची नाही, असं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं. इंजिनाच्या परवानगीची फाइल त्यानं केलीय. पाट्यांचा विषय निघाला की तो म्हणतो, "बदल कुठं? दुरुस्ती चाललीय." आणि वर्षानुवर्षं विटांवर उभ्या असलेल्या गाडीला कुठला इन्स्पेक्टर हात लावणार? माझ्या मते ही सगळ्यात पक्की पळवाट आहे, पण ती त्यानं शोधलेली नाही, त्याला ती आपसूक मिळालीय.

मित्रांनी फारच छळलं की एखाद्या पावसाळ्यात गाडी विटांवरून उतरते. मेस्त्री रात्रभर बसून शिवणी मारतात. गगनबावड्याच्या वाटेवर, रस्ता सोडून लाल चिखलात पहिल्या चढालाच खालून खाडकन आवाज येतो आणि गिअरचा दांडा हलतो तसं गिअरबॉक्सही हलू लागतं. मागून दुधाचे कॅन घेऊन आलेली साधी बोलेरो पिकअप हॉर्न देत त्याच चिखलातून वर निघून जाते. मित्र तोंड फिरवून हसतात. हा तोवर खाली शिरलेला असतो. बराच वेळ नुसता टॉर्च हलताना दिसतो. मग आतून आरोळी येते, "वेल्डिंग सुटलेलं नाही! बाजूची प्लेट फाटलीय!"

चिखलानं माखलेला तो बाहेर येतो आणि पहिला फोन मेस्त्रींना लावतो. "सहाची फाटली, मेस्त्री. पण तुमची शिवण जशीच्या तशी. आता आठची लावू, आणि आतून एक त्रिकोणी पट्टी." पलीकडून मेस्त्री विचारतात, गाडी घरी कशी आणणार? ते त्याच्या डोक्यातच आलेलं नसतं.

वाडीतला एकजण ट्रॅक्टर घेऊन येतो. दोर टाकतो, गाठ मारतो, सीटवर चढून मागं बघत थांबतो. जीपच्या स्टिअरिंगवर कुणी नाही. आपला माणूस ट्रॅक्टरच्या मागं उकिडवा बसलाय, हुकाच्या ब्रॅकेटवरून अंगठा फिरवतोय. "दादा, हे कुणी करून दिलं? दहाची प्लेट आहे का बाराची?"