बोक्याची चित्राहुती

शेजारच्या काकूंनी बोका पाळला आणि त्याच आठवड्यात त्याला शाकाहारी करून टाकलं. सकाळी दूधपोळी, दुपारी वरणभात, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. बोका ताटलीपाशी येतो, हुंगतो आणि पंज्याने फरशी उकरू लागतो. मांजरांच्या भाषेत याचा अर्थ, हे पुरून टाका. काकू कौतुकाने म्हणतात, "बघा, चित्राहुती घालतोय!"

आता यांना सांगायचं कसं? मांजर आवडीने नव्हे, नाइलाजाने मांसाहारी असतं. टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसामासळीतून मिळावं लागतं. कमी पडलं की नजर जाते, हृदय दुबळं होतं. १९८७ साली अमेरिकेत हृदयाचं हे प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा तयार खाद्य विकणाऱ्यांनाही डब्यातलं टॉरिन वाढवावं लागलं. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. आणि गोड चव त्यांना कळतच नाही, म्हणजे प्रसादाचा शिराही फुकट. मी एवढं सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या घरात नाही हो चालत," म्हणाल्या. बोक्याला विचारलं नव्हतं, एवढंच.

परवा बोक्याने अर्धा उंदीर आणून काकूंच्या पाटाजवळ ठेवला. अर्धाच. त्यांचा वाटा आठवणीने काढून.