निवांत कोकण : नियोजन आणि अंमलबजावणी

कोकणातली निवांत सहल ही मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने विकसित केलेली एक श्रमप्रधान क्रिया आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर ती प्रामुख्याने आढळते. ती अडीच दिवस चालते आणि तिचे नियोजन अडीच महिने. ‘काहीही न करणे’ हा तिचा जाहीर हेतू असून तो तडीस नेण्यासाठी व्हॉट्सॲपवर स्वतंत्र ग्रुप, एक्सेलचा तक्ता आणि तो तक्ता भरण्यात आनंद मानणारा निदान एक मनुष्य लागतो.

पहिला टप्पा तारखेचा. मुलांच्या परीक्षा, कोणाचे ऑडिट, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी (मासे खायला जाताना ही अडचण गंभीर मानली जाते) असे सगळे वजा केल्यावर जोडून आलेली एकच सुट्टी शिल्लक राहते. ती राज्यातल्या प्रत्येक ग्रुपची शिल्लक राहिलेली असते. ‘गर्दी नसताना जाऊ’ हा ठराव एकमताने मंजूर होतो आणि फायलीत राहतो. पावसाळ्यात गर्दी कमी असते हे खरे. परंतु महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि नेमक्या याच काळात ‘सुरमई ताजी आहे ना?’ हा प्रश्न सर्वाधिक खात्रीने विचारला जातो.

दुसरा टप्पा प्रवासाचा. कोकण रेल्वे 1 मे 1998 रोजी राष्ट्राला अर्पण झाली. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि ग्रुपमध्ये ‘ट्रेनने जायचं का?’ हा विषय साधारणतः एकोणसाठाव्या दिवशी निघतो. मग उरतो महामार्ग. राष्ट्रीय महामार्ग 66 च्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले. त्या साली ज्यांची बारशी झाली ती बाळे आता मागच्या सीटवर बसून ‘अजून किती?’ असे विचारतात. त्यांना उत्तर जुनेच मिळते. मुंबईकर या रस्त्याने येतात, पुणेकर ताम्हिणी घाटाने. एकमेकांना टाळायची दोघांनाही मनापासून इच्छा असते, आणि दोघेही माणगावच्या बाजारपेठेत एकाच वेळी पोहोचतात. पहाटे चारला निघाले तर हा प्रसंग टळतो, अशी समजूत आहे. ही समजूत सर्वांची असल्याने आता तो सकाळी सातला घडतो.

निवासाबाबतच्या अपेक्षा स्पष्ट असतात. घर अस्सल कोकणी हवे: कौले, पडवी, सारवलेले अंगण, पाठीमागे माडाची वाडी. मात्र खोलीला एसी, कमोड, गिझर आणि व्हिडिओ कॉल चालेल इतके नेटवर्कही हवे. दापोली-गुहागरच्या घरमालकांनी यावर तोडगा काढला आहे. कौलारू घर फोटोसाठी पुढे ठेवायचे आणि पाहुण्यांसाठी मागे स्लॅबच्या चार खोल्या काढायच्या. पाहुणे येतात, पडवीत फोटो काढतात, स्लॅबखाली झोपतात आणि ‘गावपण हरवत चाललंय’ अशी खंतही तिथेच, एसीचा रिमोट हातात धरून, व्यक्त करतात. निवांतपणाचा पुरवठा या घरातल्या काकू करतात. त्या अंधार असताना उठून चूल किंवा गॅस पेटवतात, नऊ माणसांना घावन घालतात, नारळ खवून दुपारच्या सोलकढीची तयारी करतात, आणि ‘तुमचं इथलं आयुष्य किती शांत आहे हो!’ हे वाक्य हसून ऐकून घेतात.

कार्यक्रम हा या सहलीचा गाभा. हर्णैचा मासळी लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचा केशवराज, पन्हाळेकाजीची लेणी, मग दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट, गुहागर, वेळणेश्वर, हेदवीची बामणघळ. हे सर्व दीड दिवसात. फेरीबोट गाडीसकट खाडी पार करून चिपळूणचा वळसा वाचवते. वाचलेल्या वेळात आणखी एक देऊळ बसते. ‘निवांत’ अशीही एक नोंद तक्त्यात असते, बहुधा शनिवारी साडेचार ते सव्वापाच. ती सहसा आधीच्या उशिराची भरपाई करण्यात खर्ची पडते.

या तक्त्यात एकाच गोष्टीची नोंद आढळत नाही, ती म्हणजे समुद्राची. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, भरती अकरा-बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी ओहोटीचे पाणी पार दूर गेलेले असते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत-उतरत नाही आणि भरती सूर्यास्ताच्या सुमारास येते. शहरी पर्यटक चांदण्यासाठी आवर्जून पौर्णिमा निवडतो. बामणघळीच्या कपारीतून उधाणाचे पाणी उसळते त्या भर दुपारी तो ताटावर असतो. जेवण, वामकुक्षी आणि ‘निघूया, निघूया’ असा तासभर घोष झाल्यावर तो तिथे पोहोचतो, तेव्हा खडकातली कोरडी भेग त्याचे स्वागत करते. तिथून सूर्यास्ताला पुळणीवर यावे, तर पाण्यापर्यंत ओल्या वाळूची लांबलचक पायपीट.

परतीच्या वाटेवर कोकम, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ घेतले जाते, आणि वाहतूक थांबल्यावर मिळणाऱ्या सलग मोकळ्या वेळात सहलीचा अभिप्राय ऑनलाइन नोंदवला जातो. जेवण उत्तम, काकू प्रेमळ, कोंबडा फार लवकर आरवतो, समुद्र घरापासून सांगितल्यापेक्षा बराच लांब. पाचपैकी तीन तारे. मालकाचे उत्तर त्याखाली दोन दिवसांनी येते: ‘धन्यवाद. पुढच्या वेळी अष्टमीला या.’