चाळिशीत चाळ कसे बांधावेत

आपल्या गावात "काय करता?" असे कोणी विचारत नाही. "कुठं असता?" विचारतात. "वाळूजला" किंवा "शेंद्र्याला" असे एमआयडीसीचे नाव सांगितले, की तुमची चौकशी संपली, उरला प्रश्न एकच, "पर्मनंट का?" या दोन उत्तरांपलीकडे आपण आणखी कोणीतरी असू, असा संशय ज्यांना चाळिशीनंतर छळू लागतो, त्यांच्यासाठी हे नाच शिकण्याचे मार्गदर्शन.

आधी पूर्वज शोधावा. त्याशिवाय मराठी माणसाचे पाऊल उचलत नाही. आपला पूर्वज सुदैवाने दौलताबादेतच सापडतो. तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारात, शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ हिशेबाचे काम पाहत. आजोबा काश्मीरहून आलेले. जमाखर्च सांभाळून या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. अध्याय सात, त्यातला सातवा नृत्यावर. मार्चअखेरीला त्यांचे कसे होई, याचा अध्याय नाही. "नोकरी सांभाळून काय ते करा," असे घरी ऐकवले गेले, की हे नाव घ्यावे.

मग वर्ग. एमजीएमच्या आवारातल्या महागामी गुरुकुलात कथक आणि ओडिसी दोन्ही शिकवतात, तेव्हा गावात सोय नाही ही सबब बाद. वर्ग कोणताही निवडा, शेजारी दुसरीतली मुलगी उभी असणारच. तिला "बाळा" म्हणू नये. ती तुम्हाला सीनिअर आहे. "काका, उजवा सांगितला की तुमचा डावा पडतो," असे ती म्हणेल. ते खरे असेल. चक्कर घेताना समोरच्या एका खिळ्यावर नजर ठेवायची असते. माझी ट्यूबलाइटवर गेली आणि मी हार्मोनियमवर.

चाळ डब्याच्या पिशवीतून कंपनीच्या बसमध्ये नेऊ नयेत. मी नेले. प्रत्येक स्पीडब्रेकरला पिशवी बोलू लागली. ड्रायव्हरने दोनदा उतरून गाडीखाली वाकून पाहिले. मीही त्याच्याबरोबर वाकलो.

सराव घरीच करावा लागतो. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. त्यांना चहा द्यावा, शास्त्र समजावावे. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिली सम, नववीला खाली म्हणतात, असे मी सांगितले. "खाली आम्ही राहतो," काका म्हणाले. मग तिहाई सांगितली: एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर आणायचा. हे त्यांनी फारच लक्ष देऊन ऐकले. तेवढे सांगायला नको होते.

उमेद खचली तर रविवारी विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत जावे. सातव्या लेण्यात मधोमध नर्तकी आहे, भोवती सहा वादक स्त्रिया. साधारण दीड हजार वर्षे ती त्याच ठेक्यात उभी आहे. आपले गुडघे अर्ध्या मिनिटात लटपटतात. तिला "कुठं असता?" विचारायची कोणाची छाती होत नाही.

परवा जिन्यात काका भेटले. सोबत नागपूरचे पाहुणे होते. काकांनी माझी ओळख करून दिली, "हे आमच्या वरचे. नाचतात." कंपनीचे नाव घेतलेच नाही. मी पिशवी सावरली, चाळ वाजले. दोन पायऱ्या उतरून काका वळले.

"कालची तिहाई पण समेच्या पुढं गेली बरं का."